सुगीचे डोळे

कुसुम, गणपती झाले. मूर्तींचा कारखाना रिकामा झालाय, फळ्या धुऊन उन्हात उभ्या केल्यात, आणि मी चार महिन्यांनी पहिल्यांदा दुपारी पाठ टेकून बसले आहे. "गणपती होऊ दे, मग बसते तुझ्या कामाला," असं तुला म्हणाले होते. आता बसायला वेळ आहे आणि ज्याच्यासाठी बसायचं ते माणूस नाही. तुला जाऊन दीड महिना होईल.

तेराव्याला मी आले होते. पंगत मोठी होती. वालाचं बिरडं जरा कडवट झालं होतं आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही. तू असतीस तर दाखवलं असतंस. मला सारखं वाटत होतं की वाढता वाढता माझ्यासमोर थांबशील आणि म्हणशील, "शैले, पुस्तकाचं काय झालं ते सांग आधी." पुस्तकाचं जे झालं तेच सांगायला हे लिहिते आहे. तू समोर असतीस तर सांगायची हिंमत झाली नसती.

त्या दिवशी लोक तुझ्याबद्दल बोलत होते ते ऐकून मला राग येत होता. शिस्तीच्या बाई, वेळेच्या पक्क्या बाई. पेणच्या शाळेत सात वर्षं तुझ्याबरोबर एका बाकावर बसले मी. तुझी शिस्त मला ठाऊक आहे. आणि तुझ्या त्या शिस्तीचं तुला पुढे काय वाटायला लागलं तेही मला ठाऊक आहे, पंगतीतल्या कुणाला नव्हतं. ते ओझं तू माझ्याजवळ उतरवलं होतंस.

सुगीचं खरं नाव इथे लिहीत नाही, पुस्तकातलंच लिहिते. तुझ्या दुसरीच्या वर्गातली पोर. रोज उशिरा येते म्हणून तू तिला तीन दिवस वर्गाबाहेर उभी केलीस. कारण विचारलंस तर बोलेना. चौथ्या दिवशी तुलाच निडीच्या घरून निघायला उशीर झाला आणि फाट्यावर ती तुला दगडावर बसलेली दिसली. बाप धाटावला कंपनीत, महिनाभर नाईट लागलेली. ती शाळेतून घरी जाईपर्यंत तो झोपलेला आणि संध्याकाळी पुन्हा ड्युटीवर. सकाळी कंपनीची गाडी फाट्यावर थांबते, तो उतरतो, तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि घरी जाऊन आडवा होतो. तेवढ्यासाठी पोर दगडावर बसायची आणि मग दप्तर आपटत शाळेकडे पळायची. तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज ओळखू येत नव्हता. "मी पोरीला भायेर उभी केली गो शैले. तीन दिवस. आनि ती एका शब्दानं बोलली नाय."

माफी मागायला तुला जमलं नाही. बाईंनी पोरीची माफी मागायची कशी, हे आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग तू गोष्ट लिहिलीस. सुगी रोज दगडावर बसून नाईटच्या गाडीतून उतरणारी माणसं बघते. कोण पेंगत उतरतो, कुणाचा डबा वाजतो, कोण उतरल्या उतरल्या बिडी शिलगावतो, तिला सगळं पाठ. एक दिवस सगळे उतरतात आणि बाप उतरत नाही. ती गाडीत चढते. तो मागच्या सीटवर झोपलेला असतो. ती त्याला उठवत नाही, शेजारी बसून राहते. तिकडे शाळा भरते. शेवटच्या पानावर बाई तिला शोधत येतात आणि गाडीच्या बाहेर गुपचूप उभ्या राहतात. एवढीच गोष्ट. तू मला ती फोनवर वाचून दाखवलीस आणि मी पुष्कळ वेळ काही बोलले नाही, तर म्हणालीस, "आवडली नाय वाटतं." मला रडू आलं होतं, बाई.

पुढचं वर्ष आठवलं की अजून हसू येतं. तीन प्रकाशकांना तू पाकिटं पाठवलीस आणि तिघांनी पोच म्हणूनसुद्धा ओळ लिहिली नाही. मग कुठल्याशा शिक्षकांच्या शिबिरात तुला कुणी सांगितलं की हल्ली पुस्तक प्रकाशकापर्यंत न्यायला एजंट लागतो. घरी येऊन तू ते जाहीर केलंस तेव्हा तुझे यजमान, आमचे अनंत भाऊजी, पेपर खाली ठेवून म्हणाले, "एजंट? आपली कुठली जागा विकायची हाय?" आपल्याकडे वडखळपासून रोह्यापर्यंत दर चहाच्या टपरीवर दोन एजंट बसलेले, सगळे प्लॉटचे. पुस्तकाचा एजंट कसा दिसतो हे पेण तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

आपल्याला मिळाली ती रेवती मॅडम, पुण्याची. तिने स्वतःबद्दल पानभर लिहून पाठवायला सांगितलं होतं. तू लिहिलंस, "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणांस सविनय सादर करते की." खाली सेवापुस्तकातल्यासारख्या बदल्यांच्या नोंदी, आणि शेवटी, "तरी अर्जदाराच्या गोष्टीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." मी म्हटलं, कुसुम, रजेचा अर्ज आहे का हा. तू चिडलीस आणि तसाच पाठवलास. मॅडमने पुढे सांगितलं की रोज येणाऱ्या शंभर पत्रांमधून तिने ते एकच दोनदा वाचलं. गोष्ट तिला भावलीच होती. फक्त म्हणाली, चित्रं बघायला हवीत.

चित्रं माझ्याकडे होती. त्या वर्षी दिवाळीनंतर हात मोकळा होता, तेव्हा चौदा काढून ठेवली होती. गाडी, फाटा, दगड, माणसं, एक कुत्रा. सगळं रंगवून झालेलं. डोळे तेवढे राहिले होते.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला लागतं, तुला नाही. आमच्याकडे मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे रेखणं, सगळ्यात शेवटी. सोनेरी झालं, शेला झाला, दागिने झाले, की मग डोळे. अंग धुऊन बसायचं, बोलायचं नाही, आणि ओळीतल्या सगळ्या मूर्तींचे डोळे एकाच हाताने एका बैठकीला उघडायचे. एकदा डोळे उघडले की त्या मूर्तीवर दुसरं काम करायचं नाही. बाबांनी मला हे सतराव्या वर्षी शिकवलं आणि गेली तीस वर्षं मी हेच करते. कागदावरच्या पोरीला हा नियम लागत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हात तसाच चालतो. मी म्हटलं, चौदाही चित्रांतले डोळे एकदम करीन, एका दिवशी, म्हणजे सुगीची नजर बदलणार नाही.

आणि तू काय केलंस? नुसती बघते म्हणून चित्रं निडीला घेऊन गेलीस. मॅडमने सोमवारपर्यंत म्हटलं होतं, म्हणून सोमवारी सकाळी रोह्याला जाऊन झेरॉक्सवाल्याकडून ती स्कॅन करून पाठवलीस. मला फोन नाही, काही नाही. कच्ची आहेत, एवढा एक शब्द लिहायलाही विसरलीस. या मुद्द्यावर आपलं भांडण संपलेलं नाही, कुसुम. मी अजूनही म्हणते की चूक तुझी होती.

मॅडमचा फोन आला तेव्हा आपण दोघी तुझ्या पडवीत शेंगा सोलत होतो. तू फोन स्पीकरवर टाकलास. ती म्हणाली, प्रकाशकांना फार आवडलंय, आणि विशेष म्हणजे चेहऱ्यांवर डोळेच काढलेले नाहीत, इतका धाडसी विचार त्यांनी मुलांच्या पुस्तकात पाहिला नव्हता. वाचणाऱ्या मुलाने आपले डोळे तिथे ठेवायचे, असंच ना? कुत्र्यालासुद्धा डोळे नाहीत, कमाल आहे, म्हणाली. तू तोंडावर पदर धरून हसत होतीस. मग तिने विचारलं, "ही कल्पना तुमचीच ना, शैलाताई?"

मी म्हणाले, "हो. पहिल्यापासून तसंच ठरवलं होतं."

तुझं हसू थांबलं. फोन बंद होईपर्यंत तू माझ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "काय गो, कवा ठरवलंस?"

मी म्हटलं, आता त्यांना आवडलंय तर राहू दे ना. तू शेंगांचं सूप बाजूला सरकवलंस. "रस्त्याकडं बघत बसलेली पोर हाय ती. सगळी गोष्ट तिच्या बघण्याची हाय. आनि तू तिला आंधळी ठेवनार? माझ्या वर्गातली पोरं भितील. भुताची पोर वाटंल त्यांना." मी म्हटलं, पुण्यातली शिकलेली माणसं आहेत ती, त्यांना काही कळत असेल. तू म्हणालीस, "त्यांना कळत आसंल. त्या पोरीला काय सांगू? तुझी गोष्ट लिवली नि तुझे डोळे काढले?" मी चप्पल घातली आणि साडेचारच्या गाडीने पेणला आले. दोन महिने आपण एकमेकींना फोन केला नाही. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दोन महिन्यांनी फोन आला तो भाऊजींचा. तुझे रिपोर्ट आले होते.

ते दिवस मी इथे परत उगाळणार नाही. तुला ते आवडणारही नाही. आजारी बाई म्हणून लोकांनी बघायला आलेलं तुला खपायचं नाही, शहाळी घेऊन येणाऱ्यांना तू शाळेच्या पटसंख्येच्या अडचणी ऐकवायचीस. मी मात्र दर आठवड्याला यायचे, कधी पहिल्या गाडीने येऊन दुसरीने परत, कारण सीझन सुरू झाला होता. भांडणाचा विषय तू काढला नाहीस आणि मी काढला नाही. तुझे पाय चेपता चेपता मला फार वेळा वाटलं की म्हणावं, चुकलं माझं. नाही म्हटलं. एवढे सोपे दोन शब्द तुझ्याने त्या पोरीसमोर निघाले नाहीत आणि माझ्याने तुझ्यासमोर.

आषाढात एकदा तू म्हणालीस, "शैले, पुस्तकाचं जाऊ दे. माझ्यापुरती काढ. एका झेरॉक्सवर काढ. मला बघायचीय ती कशी बघते." मी म्हटलं, आखणी एकदम होते, एकट्या चित्राची कशी करू, हात मोठ्या मूर्तींवर आहे सध्या, गणपती होऊ दे. तू माझ्या नखांतला रंग बघत होतीस. म्हणालीस, "तवर मी हाय का नाय कोन सांगंल." मी म्हटलं, "गप बस." तुझ्याशी बोललेलं ते माझं शेवटचं धड वाक्य. पुढच्या वेळी आले तेव्हा तू औषधाच्या गुंगीत होतीस, आणि त्याच्या पुढच्या वेळी तुला बाहेर आणून ठेवलं होतं.

आता जे सांगते ते कुणालाच माहीत नाही. मी काढले होते डोळे. तू मागितलेस त्याच्या कितीतरी आधी, चित्रं झाली त्याच हिवाळ्यात. जुन्या वहीच्या पानांवर सुगीचा चेहरा पुन्हा पुन्हा काढला आणि डोळे घातले. प्रत्येक वेळी गणपतीचे आले. लांबट, अर्धे मिटलेले, खाली भक्ताकडे बघणारे, शांत. हात दुसरं काही काढेचना. सात वर्षांची पोर दगडावर बसून गाडीची वाट बघतेय आणि तिच्या चेहऱ्यावर आशीर्वाद देणारे डोळे. मी गोल काढले, मोठे काढले, आरशात स्वतःचे बघून काढले. तीस-चाळीस पानं झाली. मग ती चुलीत घातली आणि तुला म्हणाले, आखणी एकदम करायची असते.

म्हणजे नियम खरा होता, पण मी त्याच्या आड लपले होते. मॅडमने धाडस म्हटलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं ते तू पडवीत बघितलंस, फक्त त्याचं कारण तुला कळलं नाही. अख्ख्या पेणमध्ये आखणीसाठी माझं नाव घेतात आणि मला एका पोरीचे डोळे येत नाहीत, हे मी तुलाही सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर तू हसली असतीस, मग म्हणाली असतीस, "चल शाळेत, पोरं बसलीत समोर, बघून काढ." आणि मी काढलेही असते कदाचित. तुझ्या वर्गात एक दिवस येऊन बसायचं होतं, एवढंच काम होतं ते.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी करार आला. मॅडम फोनवर रडली, ती वाईट बाई नाही. मी तिला भीत भीत विचारलं, डोळे काढले तर चालेल का. ती म्हणाली, प्रकाशकांनी घेतलंय ते याच रूपात घेतलंय, बदल केला तर त्यांना पुन्हा विचार करावा लागेल, आणि ते पुन्हा घेतील याची खात्री ती देऊ शकत नाही. तुझ्या जागी भाऊजींची सही लागणार होती. तेरावं उरकल्यावर मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी चष्मा लावला, सुगीचं चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

"वैनी, हिला डोळे नायत."

"ते तसंच असतं भाऊजी, आजकालच्या पुस्तकांत."

"कुसुमला ठाव होतं? तिला चाललं असतं ना?"

मी म्हणाले, "व्हय. तिनंच सांगितलं होतं."

त्यांनी सही केली. अक्षर वाकडं आलं म्हणून खाली पुन्हा एकदा केली. मला चहा करून दिला, साखर जास्त पडली होती. तुझं घर इतकं स्वच्छ मी कधी बघितलं नव्हतं, कुठे वही नाही, कुठे खडू नाही.

त्यांना मी नंतर सांगितलं की कुसुमचं नाव राहावं म्हणून हे करतेय. तुझ्या शाळेतल्या बाईंनाही तेच सांगितलं. डोळ्यांसह पुस्तक कुणी छापणार नाही, आणि पुस्तकच नसेल तर त्या पोरीला काहीच मिळणार नाही, असं मी स्वतःलाही रोज समजावते. त्यात खोटं काही नाही. पण तुझं म्हणणंही मला पाठ आहे. हे पुस्तक तिच्या हातात पडेल, ती पहिलं पान उघडेल, आणि तिला वाटेल की बाईंनी आपल्याला पुन्हा एकदा बाहेर उभं केलं.

तीस वर्षांत माझ्या हातून किती मूर्ती गेल्या त्याचा हिशोब नाही. एकीवरही माझं नाव नाही. खोक्यावर मालकाच्या कारखान्याचं नाव असतं. लोक नेतात, पुजतात, पाण्यात सोडून येतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, निदान तसं मी समजत होते. काल मॅडमने मुखपृष्ठाचा नमुना फोनवर पाठवला. दगडावर सुगी, तिचा कोरा चेहरा, वर तुझं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली लहान अक्षरांत माझं. हात पुसून मी फोन उजेडात धरला. आधी माझं नाव वाचलं. दोनदा वाचलं. मग तुझं.